इंग्रजी क्रियापदे : जाहिरातीतली आणि आपल्या तोंडातली



मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. कला शाखेचा साधा पदवीधर असून गेली बरीच वर्षे बँकेत लिपिक म्हणून काम करतो. रविवारी सकाळी अभ्यासिकेत येणाऱ्या मुलामुलींना थोडेफार इंग्रजी शिकवतो, एवढाच माझा अधिकार. स्मरणिकेसाठी काहीतरी उपयोगी लिहा असा आग्रह झाला, तेव्हा वर्गात घडलेला एक प्रसंगच लिहावा असे वाटले.

मागच्या पावसाळ्यात मी फळ्यावर एक नियम लिहिला. ‘नो’, ‘वॉन्ट’, ‘लव्ह’, ‘बिलाँग’ अशा क्रियापदांना ‘आयएनजी’ लावून चालू वर्तमानकाळ करू नये. अकरावीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “काका, मग त्या बर्गरच्या दुकानावर ‘आय ॲम लव्हिन इट’ असं का लिहिलंय? त्यांनी लिहिलं तर जाहिरात, आणि आम्ही बोललो तर चूक?”

सारा वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण माझी एक जुनी गोष्ट आठवली. पदवी घेतल्यावर एका नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. समोरच्यांनी घरची माहिती विचारली. मी पाठ करून गेलो होतो, ते म्हणालो, “सर, आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स अँड वन सिस्टर.” दोघा साहेबांनी एकमेकांकडे पाहिले आणि ते किंचित हसले. एवढेच. पण त्यानंतरच्या प्रश्नांची उत्तरे येत असूनही माझी जीभ वळेना. ती नोकरी त्या एका वाक्यामुळेच गेली असे मी म्हणणार नाही. परंतु माझे नेमके काय चुकले, हे मला त्या दिवशी कोणी सांगितले नाही. आपल्याला हसणारे पुष्कळ भेटतात, सांगणारे थोडे. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर नीट शोधायचे मी तेव्हाच ठरवले. तेच उत्तर येथे देत आहे.

१. कृती आणि स्थिती

इंग्रजी क्रियापदांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिला गट कृतीचा. ‘ईट’, ‘राइट’, ‘रन’, ‘कुक’ ही कृती आहे. ती सुरू होते, काही वेळ चालते आणि संपते. म्हणून ‘आय ॲम रायटिंग’, म्हणजे या क्षणी माझे लिहिणे चालू आहे, असे म्हणता येते.

दुसरा गट स्थितीचा. ‘नो’ म्हणजे माहीत असणे, ‘ओन’ म्हणजे मालकीचे असणे, ‘बिलाँग’ म्हणजे एखाद्याचे असणे, ‘बिलीव्ह’ म्हणजे विश्वास असणे, ‘वॉन्ट’ म्हणजे हवे असणे. येथे कोणी काही करत नाही, नुसती अवस्था आहे. अवस्थेला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ लागतो. ‘आय नो’, ‘आय वॉन्ट’, ‘इट बिलाँग्ज टू मी’.

ओळखण्यासाठी मी मुलांना एक सोपी युक्ती सांगतो. त्या क्रियापदापुढे मनातल्या मनात “थांबव!” असे म्हणून पाहावे. “लिहिणे थांबव” याला अर्थ आहे. “धावणे थांबव” यालाही अर्थ आहे. पण “दोन भाऊ असणे थांबव” किंवा “पत्ता माहीत असणे थांबव” याला काही अर्थ होत नाही. जे हुकूम देऊन थांबवता येत नाही, त्याला सहसा ‘आयएनजी’ लावू नये. ही युक्ती शंभर टक्के चालेल असे नाही, पण दहापैकी आठ वेळा तरी वाचवते.

साध्या वर्तमानकाळाचे बळ पाहायचे असेल तर हिऱ्याची जाहिरात पाहा. १९४७ साली अमेरिकेत फ्रान्सेस गेरेटी या जाहिरात लेखिकेने डी बिअर्स कंपनीसाठी एक ओळ लिहिली, ‘अ डायमंड इज फॉरएव्हर’. क्रियापद कोणते, तर नुसते ‘इज’. जे कायमचे आहे ते सांगायला इंग्रजीत हे सर्वांत साधे रूप पुरते.

२. ‘आहे’चा सापळा

मग आपण ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ का म्हणतो? आपण मंद आहोत म्हणून नव्हे. आपण मराठी आहोत म्हणून.

मराठीत ‘हॅव’ या अर्थाचे वेगळे क्रियापद नाही. आपण म्हणतो, “मला दोन भाऊ आहेत.” शाळेत आपल्याला शिकवलेले असते की ‘आहे’ म्हणजे ‘इज, ॲम, आर’. म्हणून वाक्यात ‘आहे’ आले की तोंडातून आधी ‘ॲम’ निघते. मग भावांसाठी ‘हॅव’ आठवते. ‘ॲम’ आणि ‘हॅव’ जवळ आले की त्यांची सांधेजोड करण्यासाठी आपण ‘आयएनजी’ लावतो. झाले ‘ॲम हॅविंग’ तयार.

हाच सापळा पुढच्या वाक्यांत दिसेल. “मला माहीत आहे” याचे होते ‘आय ॲम नोइंग’. “मला हवे आहे” याचे होते ‘आय ॲम वॉन्टिंग’. “माझा विश्वास आहे” याचे होते ‘आय ॲम बिलीव्हिंग’. शिवाय आपण बोलताना “मला कळत नाहीये”, “मला दिसतंय”, “ऐकू येतंय” असे सर्रास चालू काळात बोलतो. मराठीत ते अगदी बरोबर आहे. इंग्रजीत मात्र तेथे ‘आय डोन्ट अंडरस्टँड’, ‘आय कॅन सी’, ‘आय कॅन हिअर’ असे म्हणतात.

‘आहे’चा आणखी एक डाव भूतकाळात असतो. काउंटरवर रोज ऐकतो, “मी काल अर्ज दिला आहे.” त्याचे इंग्रजी होते ‘आय हॅव गिव्हन द ॲप्लिकेशन यस्टर्डे’. काल, परवा, मागच्या वर्षी, २०१९ साली असा संपलेला काळ सांगितला की इंग्रजीत साधा भूतकाळच यावा. ‘आय गेव्ह द ॲप्लिकेशन यस्टर्डे’ असे म्हणावे. वेळ सांगायची नसेल तर ‘आय हॅव गिव्हन द ॲप्लिकेशन’ हे बरोबर आहे.

तेव्हा नियम लक्षात ठेवा. मराठी वाक्यातल्या ‘आहे’चे भाषांतर करू नका. आधी विचारा, ही कृती आहे की स्थिती? आणि ती कधीची?

३. मग ‘आय ॲम लव्हिन इट’ कसे चालते?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. मॅकडॉनल्ड्स कंपनीची ही घोषणा २००३ सालची. ती प्रथम जर्मनीत, म्युनिक शहरात सुरू झाली आणि तेथल्याच एका जाहिरात संस्थेने ती सुचवली होती. जर्मन भाषेत ती ‘इश लीबं एस’ अशी होती, म्हणजे साधे “मला हे फार आवडते”. इंग्रजीत मात्र मुद्दाम ‘लव्हिन’ केले.

असे का केले? ‘आय लव्ह इट’ म्हटले तर ती कायमची आवड झाली. काल होती, आज आहे, उद्या असेल. ‘आय ॲम लव्हिन इट’ म्हटले की ती या घासाची मजा झाली. आत्ता, तोंडात घास असताना, मला मजा येते आहे. म्हणजे स्थितीच्या क्रियापदाला घटकाभर कृती केले. आणि ‘लव्ह’ हे क्रियापद असे करू देते, कारण ते सीमेवरचे आहे. आपली “थांबव” ही युक्ती लावून पाहा. “प्रेम करणे थांबव” हे वाक्य तर सिनेमात नेहमीच ऐकू येते. शिवाय ‘लव्हिंग’मधला शेवटचा ‘ग’ गाळून ‘लव्हिन’ लिहिले, म्हणजे हे पुस्तकातले नाही, बोलण्यातले इंग्रजी आहे, हेही दाखवले.

ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही रोजच्या बोलण्यात असे करतात. नवीन नोकरी लागलेल्या मित्राला ‘हाउ आर यू लाइकिंग द न्यू जॉब?’ असे विचारतात. ‘आय ॲम मिसिंग यू’ म्हणतात. पण तेच लोक ‘आय ॲम नोइंग’ किंवा ‘आय ॲम ओनिंग अ हाउस’ असे म्हणत नाहीत. तेव्हा तीन पायऱ्या ध्यानात ठेवाव्यात. ‘नो’, ‘ओन’, ‘बिलाँग’ या पक्क्या स्थिती, त्यांना हात लावू नये. ‘लव्ह’, ‘लाइक’, ‘मिस’ या सीमेवरच्या, बोलताना तात्पुरत्या भावनेसाठी चालतात, अर्जात आणि परीक्षेत टाळाव्यात. तिसरी पायरी दोन अर्थांच्या क्रियापदांची. ती आता पाहू.

४. ‘हॅव’चे दोन चेहरे

१९९३ साली अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातल्या दूध प्रक्रिया करणाऱ्यांच्या मंडळाने एक जाहिरात काढली. तिची घोषणा फक्त दोन शब्दांची होती, ‘गॉट मिल्क?’. पहिल्या जाहिरातीत इतिहासाचा एक वेडा अभ्यासक पाव आणि शेंगदाण्याचे लोणी खात बसलेला असतो. रेडिओवरून त्याला फोन येतो. अलेक्झांडर हॅमिल्टनवर गोळी कोणी झाडली, या प्रश्नाला दहा हजार डॉलरचे बक्षीस असते. ॲरन बर हे उत्तर त्याला चांगले ठाऊक असते. पण घास घशात चिकटलेला, आणि घास उतरवायला घरात दूध नाही. तो बिचारा कसाबसा बोलतो, पण ते कोणाला कळत नाही आणि बक्षीस जाते. उत्तर ठाऊक असून तोंडातून बाहेर येत नाही, ही अवस्था आपल्यातल्या अनेकांना सांगायला नको!

‘गॉट मिल्क?’ हे ‘हॅव यू गॉट मिल्क?’ याचे बोलीतले आखूड रूप आहे. अर्थ, घरात दूध आहे का? जवळ असणे, मालकीचे असणे, नात्यातले असणे यासाठी ‘हॅव’ किंवा ‘हॅव गॉट’ वापरतात, ‘हॅविंग’ नाही. मी त्या मुलाखतीत ‘आय हॅव टू ब्रदर्स’ एवढेच म्हणायला हवे होते. इंग्लंडमध्ये बोलताना ‘आयव्ह गॉट टू ब्रदर्स’ असेही म्हणतात.

मात्र ‘हॅव’चा दुसरा चेहरा कृतीचा आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये किटकॅट चॉकलेटची ‘हॅव अ ब्रेक, हॅव अ किटकॅट’ ही ओळ आली. पहिल्या ‘हॅव’चा अर्थ घेणे, दुसऱ्याचा खाणे. दोन्ही कृती आहेत, म्हणून तेथे आज्ञाही करता येते आणि ‘आयएनजी’ही लावता येते. ‘शी इज हॅविंग लंच’ हे अगदी शुद्ध आहे. ती जेवते आहे. ‘शी इज हॅविंग अ कार’ हे अशुद्ध आहे. गाडी खाता येत नाही!

या दुसऱ्या ‘हॅव’वर इंग्रजांचे रोजचे बोलणे चालते. ‘हॅव अ लुक’, ‘हॅव अ बाथ’, ‘हॅव अ रेस्ट’, ‘हॅव सम टी’. अमेरिकेत यांपैकी काही ठिकाणी ‘टेक’ म्हणतात, जसे ‘टेक अ लुक’, ‘टेक अ शॉवर’. पाहुण्याला मात्र ‘टेक टी’ म्हणण्यापेक्षा ‘हॅव सम टी’ म्हणावे, ते गोड वाटते.

‘थिंक’ आणि ‘सी’ ही अशीच दुहेरी आहेत. ‘आय थिंक ही इज राइट’ हे मत झाले, ती स्थिती. ‘आय ॲम थिंकिंग अबाउट युअर ऑफर’ हा चालू विचार, ती कृती. ‘आय सी अ बस’ म्हणजे बस दिसते. ‘आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमारो’ म्हणजे उद्या डॉक्टरांना भेटायचे ठरले आहे. नुसत्या ‘बी’चेही असेच आहे. ‘ही इज रूड’ म्हणजे तो स्वभावानेच उद्धट आहे. ‘ही इज बीइंग रूड’ म्हणजे आत्तापुरता उद्धटपणे वागतो आहे. माणसाविषयी बोलताना हा फरक फार मोठा आहे.

५. सगळे ‘करणे’ म्हणजे ‘डू’ नव्हे

नायके या बुटांच्या कंपनीने १९८८ साली डॅन वायडन या जाहिरात लेखकाची ‘जस्ट डू इट’ ही घोषणा वापरायला सुरुवात केली. पहिल्या जाहिरातीत वॉल्ट स्टॅक नावाचे ऐंशी वर्षांचे धावपटू सॅन फ्रान्सिस्कोच्या पुलावरून धावताना दिसतात. या घोषणेतल्या ‘जस्ट’चे मराठी ‘फक्त’ असे केले तर सारी मजा जाते. त्याचे खरे मराठी “करूनच टाक” असे आहे. आपण जे ‘टाकणे’ जोडून साधतो, ते इंग्रजीने ‘जस्ट’ने साधले आहे.

परंतु ‘डू’ सगळीकडे चालत नाही. मराठीत आपण अभ्यास करतो, चूक करतो, फोन करतो, गडबड करतो. सर्वांना एकच क्रियापद. इंग्रजीत ‘डू होमवर्क’, पण ‘मेक अ मिस्टेक’, ‘मेक अ कॉल’, ‘मेक अ नॉइज’. साधारणपणे ठरलेले काम पार पाडले तर ‘डू’, आणि आधी नसलेले काही निर्माण झाले तर ‘मेक’. चूक आधी नव्हती, आपण ती निर्माण केली, म्हणून ‘आय मेड अ मिस्टेक’.

तसेच आपण परीक्षा ‘देतो’, इंग्रज ती ‘टेक’ करतात. भारतात ‘गिव्ह ॲन एक्झाम’ सर्वांना समजते, पण बाहेर त्याचा अर्थ शिक्षकाने परीक्षा घेतली असा होऊ शकतो. आपल्याला ताप ‘येतो’, इंग्रजीत ‘आय हॅव अ फीव्हर’. आपल्याला स्वप्न ‘पडते’, इंग्रजीत ‘आय हॅड अ ड्रीम’. दिवा ‘ओपन’ किंवा ‘क्लोज’ होत नाही, तो ‘स्विच ऑन’ आणि ‘स्विच ऑफ’ होतो. म्हणून क्रियापद कधी एकटे पाठ करू नये. नामासकट जोडी पाठ करावी.

६. चव आणि विचार

१९५४ साली अमेरिकेत विन्स्टन सिगारेटची जाहिरात आली, ‘विन्स्टन टेस्ट्स गुड लाइक अ सिगारेट शुड’. सिगारेट ही विषारीच वस्तू, पण या ओळीवर तेथल्या शिक्षकांत मोठा वाद झाला. ‘लाइक’च्या जागी ‘ॲज’ हवे होते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याला मात्र त्यातले ‘टेस्ट्स गुड’ उपयोगी आहे. चव चांगली लागते हे सांगताना ‘टेस्ट्स वेल’ नाही, ‘टेस्ट्स गुड’. फूल छान वासाचे असेल तर ‘स्मेल्स स्वीट’. ‘लुक’, ‘फील’, ‘साउंड’ यांचेही तेच. ‘यू लुक टायर्ड’, ‘इट साउंड्स नाइस’. ही क्रियापदे ‘इज’ची भावंडे आहेत, म्हणून त्यांच्यामागून विशेषण येते.

१९९७ साली ॲपल कंपनीने ‘थिंक डिफरंट’ ही घोषणा काढली. त्या जाहिरातींत महात्मा गांधींचे चित्रही होते. नियमाने तेथे ‘डिफरंटली’ हवे होते. पण ‘डिफरंटली’ म्हणजे वेगळ्या रीतीने विचार कर, आणि ‘डिफरंट’ म्हणजे वेगळेपणाचाच विचार कर. ‘थिंक बिग’सारखी ही रचना आहे. लिहिणाऱ्यांना नियम माहीत होता आणि तो कशासाठी मोडायचा हेही माहीत होते.

येथेच त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. नियम मोडणे आणि नियम चुकणे यांत अंतर आहे. मोडणाऱ्याला दोन्ही वाटा ठाऊक असतात आणि तो त्यातली एक निवडतो. चुकणाऱ्यापुढे एकच वाट असते. आपल्यापुढे दोन वाटा असाव्यात, एवढ्यासाठी व्याकरण शिकायचे.

७. काउंटरवरचे इंग्रजी

बँकेत बसून शिकलेल्या काही गोष्टी सांगतो. “एक काम करा” याचे ‘डू वन थिंग’ आपण सहज म्हणतो. परक्याला तो हुकूम वाटतो. त्याऐवजी ‘कुड यू फिल इन धिस फॉर्म, प्लीज?’ म्हणावे. ‘व्हॉट इज युअर गुड नेम?’ यात आपले “शुभनाव” आहे, प्रेमळही आहे, पण इंग्रजीत ‘मे आय हॅव युअर नेम, प्लीज?’ हे स्वाभाविक वाटते. “बोला” याचे ‘टेल मी’ न करता ‘हाउ कॅन आय हेल्प यू?’ म्हणावे.

आणखी एक गंमत. नम्रपणे विनंती करायची असेल तर इंग्रज भूतकाळात आणि तोही ‘आयएनजी’ लावून बोलतात. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प मी.’ विनंती आत्ताची, काळ कालचा. आपणही “जरा विचारायचं होतं” असेच म्हणतो की! तेथे मराठी आणि इंग्रजी सख्ख्या बहिणी निघतात.

८. हसणाऱ्यांविषयी थोडेसे

‘आयएनजी’चा जास्त वापर हा केवळ आपल्या वस्तीचा किंवा मराठी माध्यमाचा दोष नाही. भारतभर निरनिराळ्या भाषा बोलणारे लोक असे इंग्रजी बोलतात आणि भाषेचे अभ्यासक त्याची नोंद भारतीय इंग्रजीचे एक वैशिष्ट्य म्हणून करतात. मुंबईचे इंग्रजी कवी निसीम इझिकेल यांची ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही प्रसिद्ध कविता अशाच बोलण्यावर उभी आहे. ती थट्टा आहे की जिव्हाळा, यावर वाचकांचे एकमत नाही.

माझे मत असे की घरात, मित्रांत, बाजारात कसेही बोला, भीती धरू नका. अर्थ पोचला की भाषेचे काम झाले. पण मुलाखतीत समोरचा माणूस तुमची योग्यता तुमच्या वाक्यावरून मोजतो. ते न्याय्य नसेल, पण तसे घडते. अशा वेळी एका ‘हॅविंग’पायी तुमचे चार वर्षांचे कष्ट झाकले जाऊ नयेत. इंग्रजी ही कोणाला जन्माने मिळालेली इस्टेट नाही. ती नियमांची आणि सरावाची गोष्ट आहे, आणि सराव आपण करू शकतो.

सराव

पुढील वाक्ये तपासा. एक वाक्य बरोबर आहे.

१. आय ॲम नॉट नोइंग हिज ॲड्रेस.
२. धिस बुक इज बिलाँगिंग टू माय सिस्टर.
३. आय हॅव पास्ड ट्वेल्थ लास्ट इयर.
४. माय मदर इज हॅविंग लंच.
५. आय डिड अ मिस्टेक.
६. धिस टी टेस्ट्स वेल.

उत्तरे : १. आय डोन्ट नो हिज ॲड्रेस. २. धिस बुक बिलाँग्ज टू माय सिस्टर. ३. आय पास्ड ट्वेल्थ लास्ट इयर. ४. बरोबर आहे. ५. आय मेड अ मिस्टेक. ६. धिस टी टेस्ट्स गुड.

रस्त्याने जाताना दिसणारी प्रत्येक इंग्रजी पाटी आणि जाहिरात वाचा. तिच्यातले क्रियापद शोधा. कृती की स्थिती, हे विचारा. नियम पाळला असेल तर तो वहीत लिहा. मोडला असेल तर का मोडला, ते लिहा. त्या अकरावीतल्या मुलीने अशी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर तिने लिहिले आहे, ‘आय हॅव अ क्वेश्चन’. वाक्य शुद्ध आहे, आणि विचारायची हिंमत तिच्याजवळ आधीपासूनच होती.